दोन दारं, एक जोडपं: मोजायचं कसं?

युरोपात एकट्यानं राहणाऱ्यांची घरं वाढल्याची बातमी अधूनमधून येते आणि तिच्या पाठोपाठ ‘एकाकीपणाची साथ’ हा मथळाही येतोच. स्वीडनमध्ये ४० टक्क्यांहून जास्त घरांत एकच माणूस राहतो, हे खरं. पण त्या माणसाला जोडीदार नाही, असं तो आकडा कुठंही म्हणत नाही. एका पत्त्यावर किती जण राहतात एवढंच त्यातून कळतं.

पक्कं नातं, पण घरं दोन, अशा जोडप्यांना समाजशास्त्रात ‘लिव्हिंग अपार्ट टुगेदर’ किंवा थोडक्यात ‘लॅट’ म्हणतात. नॉर्वेच्या अभ्यासक आयरीन लेव्हिन यांनी त्यासाठी तीन अटी घातल्या: दोघं स्वतःला जोडपं मानतात, जवळचे लोकही मानतात, आणि दोघांची घरं वेगळी असतात. ब्रिटनमध्ये सायमन डंकन आणि मिरांडा फिलिप्स या संशोधकांच्या अभ्यासात साधारण १० टक्के प्रौढ असे निघाले. जे लग्नाचे नाहीत आणि कुणासोबत राहतही नाहीत, त्यांच्यातला हा जवळजवळ चौथा हिस्सा. कॅनडाच्या २०११ च्या पाहणीत विशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७ टक्के, म्हणजे १९ लाख माणसं सापडली.

मग जनगणनेत ही माणसं दिसत का नाहीत? जनगणनेत काय किंवा घरोघरच्या पाहणीत काय, बहुधा आधी कुटुंबाची यादी भरतात. पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख, खाली बाकीचे. प्रत्येकापुढे लिंग, वय, वैवाहिक स्थिती आणि ‘प्रमुखाशी नातं’. जोडपं ओळखायचं ते या नात्याच्या रकान्यावरून. पण जोडीदाराचं नाव चार गल्ल्या सोडून दुसऱ्याच यादीत असेल, तर त्या दोन ओळींना जोडणारा रकानाच नसतो. संगणक दोघांनाही ‘एकटे’ ठरवून मोकळा होतो.

म्हणून यादीनंतर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. ‘जनरेशन्स अँड जेंडर’ या अनेक देशांत होणाऱ्या पाहणीतला प्रश्न साधारण असा: तुम्ही ज्यांच्यासोबत राहत नाही, अशा कुणाशी सध्या तुमचं जोडीदाराचं नातं आहे का? उत्तर ‘हो’ आलं की पुढचा प्रश्न: वेगळं राहणं ही तुमची इच्छा, त्यांची, दोघांची, की परिस्थितीच तशी? इथं घोटाळे ठरलेले. प्रश्नात ‘स्थिर’ नातं असा शब्द घातला की तरुण मुलं गळतात. काढला की पंधरा दिवसांची ओळखही आत शिरते. त्यापेक्षा नातं कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी सुरू झालं ते विचारावं आणि चाळणी नंतर लावावी. दुसरं, हा प्रश्न कुणाला विचारायचा ते वैवाहिक स्थितीवरून ठरवू नये, यादीत जोडीदार आहे की नाही यावरून ठरवावं. नाहीतर नवरा-बायको असूनही वेगवेगळ्या घरांत राहणारे प्रश्न येण्याआधीच निसटतात. तिसरं, गेल्या सात दिवसांत किती रात्री एकत्र काढल्या ते विचारावं. आठवड्यातून पाच-सहा रात्री एकाच घरात जात असतील, तर दुसरं घर बहुधा नावापुरतंच. आणि शेजारी आई बसली असेल तर उत्तर तोंडी मागू नये. पर्याय छापलेलं कार्ड हातात द्यावं आणि फक्त अक्षर विचारावं.

आता खरी गंमत, नमुना निवडण्यातली, म्हणजे सगळ्यांऐवजी कोणत्या मोजक्या लोकांना विचारायचं ते ठरवण्यातली. ब्रिटनमध्ये टपाल पत्त्यांच्या यादीतून पत्ते उचलतात आणि एका पत्त्यावरच्या एकाच प्रौढाला, चिठ्ठी टाकावी तसं, निवडतात. समजा प्रत्येक पत्ता निवडला जाण्याची शक्यता सारखीच आहे. मग एकटा राहणारा माणूस पत्त्याबरोबर आपोआप निवडला जातो. आईवडील आणि भावासोबत राहणाऱ्या मुलीची संधी मात्र त्याच्या एक चतुर्थांश, कारण त्या घरात प्रौढ चार. हा अन्याय भरून काढायला तिच्या उत्तराला ४ चा भार द्यायचा, म्हणजे तिचं एक उत्तर चार जणांचं धरायचं.

हे विसरलं तर काय होतं? धरून चालू की नमुन्यात लॅट गटातले ८० जण आले: ६० एकटे राहणारे, २० चार प्रौढांच्या घरातले. सरळ मोजलं तर ७५ टक्के ‘स्वतःच्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र’. भार लावला की प्रमाण ६० विरुद्ध ८० होतं आणि ७५ चे ४३ टक्के उरतात. स्वतंत्र बाण्याच्या नव्या पिढीवरचा चकचकीत लेख बेतण्याआधी एवढा गुणाकार केलेला बरा.

याच्या उलट दिशेची चूकही त्याच दारात उभी असते. एकटा राहणारा लॅट माणूस संध्याकाळी घरी सापडत नाही, कारण तो जोडीदाराकडे असतो! ज्या गुणासाठी त्याला शोधायचं, त्याच गुणामुळे त्याच्या दाराला कुलूप. म्हणून वेगवेगळ्या वेळी फेऱ्या मारायच्या, त्यात किमान एक संध्याकाळ आणि एक रविवार हवाच. ‘कुलूप आहे, शेजारचं घर घ्या’ हा शॉर्टकट घेतला की आकडा गुपचूप खाली येतो आणि नंतर कोणताही भार लावून तो दुरुस्त होत नाही.

सगळं नीट जमलं का, हे तपासायची एक सुंदर युक्ती आहे. स्त्री-पुरुष जोडप्यांत अशा पुरुषांची संख्या आणि अशा स्त्रियांची संख्या सारखीच यायला हवी. तफावत दिसली तर आधी वयाची मर्यादा पाहावी: पाहणी १६ ते ५९ वयोगटाची असेल, तर ५७ वर्षांची बाई मोजली जाते आणि तिचा ६१ वर्षांचा जोडीदार बाहेर राहतो. मग बराकी, तुरुंग, वसतिगृहं पाहावीत, कारण घरोघरच्या पाहण्या तिथं जातच नाहीत. एवढ्यानंतरही फरक उरला, तर नमुन्यात योगायोगानं येणाऱ्या चढउतारापलीकडचा भाग म्हणजे बहुधा दोघांपैकी एकानं ‘हो’ आणि दुसऱ्यानं ‘नाही’ म्हटलेलं असतं.

‘वेगळं राहा, प्रेम टिकेल’ छापाचे सल्ले अशाच पाहण्यांवर पोसले जातात. समजा दरवर्षी १०० नवी लॅट जोडपी होतात. त्यांतली ८० बरोबर वर्षभरानं एकत्र राहायला जातात किंवा फुटतात, २० जोडप्यांचं दहा वर्षं तसंच चालतं. दहा वर्षांनी एखाद्या दिवशी मोजायला गेलात, तर अल्पायुषी ८० सापडतील आणि दीर्घायुषी २०० (२० गुणिले १०). म्हणजे ७१ टक्के जोडपी ‘टिकाऊ’ दिसतील. सुरुवात करणाऱ्यांत ती होती २० टक्के. एका दिवसाच्या मोजणीतून टिकाऊपणा काढणं हे पत्रिकेतून काढण्याइतकंच शास्त्रीय.

आपल्याकडच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारे. मुंबईतला चाकरमानी आणि कोकणातली त्याची बायको हे यात दोन कुटुंबांत विभागले जाऊ शकतात, पण ते लॅट नव्हेत. त्यांचं घर एकच, गावातलं, आणि मुंबईची खोली नोकरीपुरती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी विवाहित स्त्रीला नवरा सोबत राहतो की अन्यत्र, असं विचारते, त्यामुळे चाकरमानी तिथं सापडतो. पुण्यातली बासष्टीची विधवा आणि दुसऱ्या सोसायटीतला तिचा जोडीदार मात्र सापडत नाहीत. मुलांच्या वारशाच्या किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अडचणीमुळे त्यांनी लग्न टाळलेलं असू शकतं. ही पाहणी स्त्रियांना ४९ पर्यंत आणि पुरुषांना ५४ पर्यंतच प्रश्न विचारते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची ज्येष्ठांची पाहणी ४५ च्या पुढच्यांना घेते आणि सोबत त्यांच्या जोडीदारालाही, वय काहीही असो. पण तिथं जोडीदार म्हणजे लग्नाचा.