परदेशातून मागवलेल्या वस्तूंवरील सीमाशुल्क

परदेशातल्या दुकानातून, संकेतस्थळावरून किंवा नातेवाइकांकडून टपालाने अथवा कुरिअरने भारतात येणाऱ्या घरगुती वापराच्या वस्तूंवर केंद्र सरकार घेते तो कर. बोलण्यात 'कस्टम' किंवा नुसते 'ड्युटी' एवढेच म्हणतात. पार्सल 'कस्टममध्ये अडकते' आणि ड्युटी भरली की 'सुटते'. या वसुलीला सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ यांचा आधार आहे. तक्रारी दोनच असतात, उशीर झाला आणि अंदाजापेक्षा जास्त पैसे पडले. या दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा खोक्यावर चिकटवलेल्या कागदात सापडते.

सीमेवरचा कर मराठी मुलखाला नवा नाही. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि स्वराज्यातल्या मिठाचा उठाव कमी होऊ लागला, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना त्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. घरच्या उत्पादकाला आधार आणि तिजोरीत भर हे दोन हेतू आजच्या सीमाशुल्कामागेही आहेत. फरक असा की त्या जकातीचा भार व्यापाऱ्यावर पडे; आज एक पेन मागवणाराही आयातदार ठरतो आणि आयातदाराची सगळी जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते.

टपालाच्या छोट्या पार्सलावर 'सीएन २२' नावाची चिठ्ठी असते, तळहाताएवढी. तिच्यावर भेट, नमुना, विक्रीचा माल, कागदपत्रे असे चौकोन असतात. खाली वस्तूचे वर्णन, नग, वजन, किंमत आणि पाठवणाऱ्याची सही. किंमत जास्त असेल तर तपशीलवार 'सीएन २३' अर्ज लावावा लागतो. 'शाईचे पेन, पोलादी निब, १ नग, ४५ डॉलर' असे लिहिलेले असेल तर अधिकाऱ्याला खोके न उघडताही निर्णय घेता येतो. 'गिफ्ट', 'पार्ट्स', 'अ‍ॅक्सेसरीज' एवढेच खरडलेले असेल, तर क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर दिसणारी आकृती आणि चिठ्ठी यांचा मेळ बसत नाही. मग पार्सल बाजूला निघते, उघडले जाते, पावती मागितली जाते. मागणीचे पत्र ग्राहकापर्यंत पोचून उत्तर परत येईपर्यंत दिवस सरतात. मागणी करतानाच विक्रेत्याला नेमके वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगावी, शिवाय पावतीची प्रत खोक्याबाहेर लावायला सांगावी. उशीर टाळायला याहून उपयोगी गोष्ट ग्राहकाच्या हातात नाही.

मुंबईत परदेशी टपालाचे जुने केंद्र म्हणजे बॅलार्ड पिअरचे विदेश डाकघर. टपालखाते पार्सल सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर ठेवते, तो कर ठरवतो, पार्सल पुन्हा टपालखात्याकडे येते आणि शेवटी पोस्टमन दारात पैसे घेऊन खोके हाती देतो. ट्रॅकिंगमध्ये मात्र एकच ओळ आठवडाभर जशीच्या तशी दिसते. पार्सल रांगेत आहे, उघडले आहे की कागदासाठी थांबले आहे, हे त्या ओळीवरून कळत नाही. वाट पाहणाऱ्याची खरी घालमेल इथे होते, आणि ती रास्त आहे.

ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागते हा सर्वांत मोठा गैरसमज. आधारभूत मूल्यात किंमत, वाहतूक आणि विमा हे तिन्ही धरतात. वाहतूक खर्च कळत नसेल तर किमतीच्या २० टक्के आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरावा, असा मूल्यांकन नियमांचा संकेत आहे. विनिमय दरही सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेला लागतो. कार्डाच्या बिलावरचा चालत नाही. या मूल्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मग या सगळ्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे आयजीएसटी. करावर कर चढतो तो असा. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी वैयक्तिक वापराच्या वस्तूंसाठी असलेल्या ९८०४ या शीर्षाखाली मूळ दर ३५ टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के होता. १०,००० रुपयांच्या वस्तूवर शुल्क ३,५००, अधिभार ३५०, आणि १३,८५० वर २८ टक्के म्हणजे ३,८७८. एकूण ७,७२८ रुपये. अनेकांच्या तोंडी असलेला ७७.२८ टक्क्यांचा आकडा इथला. पुढे भार हलका होत गेला. त्या अर्थसंकल्पात मूळ दर २० टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी १८ टक्के झाला, तर फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव आला. एकूण शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी भरत असेल तर ते घेतले जात नाही.

'भेट म्हणून पाठव, ड्युटी लागणार नाही' हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या खऱ्या भेटीला सूट होती. तिचा आडोसा घेऊन विकत घेतलेला मालही भेट म्हणून येऊ लागला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने टपाल-कुरिअरने भेट म्हणून येणारी करमुक्त आयातच बंद केली; पूर्ण शुल्क भरून भेट आणता येते. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. तीही नुसती राखी. तिच्यासोबतची भेटवस्तू या सवलतीत बसत नाही. त्यामुळे विक्रेत्याने प्रेमाने लिहिलेला 'गिफ्ट' हा शब्द आज पार्सल अडकवतो. किंमत कमी दाखवणे त्याहून वाईट, कारण खोट्या घोषणेमुळे माल जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो.

कुरिअरने माल लवकर येतो, पण ओळखीची कागदपत्रे आधी द्यावी लागतात. ती अपुरी असली की पार्सल विमानतळावरच पडून राहते. बऱ्याचदा कंपनी ड्युटी स्वतः भरते आणि मागाहून वसूल करते. तिची हाताळणी फी आणि त्या फीवरचा जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असतो. तो कर सरकारी सीमाशुल्काचा भाग नाही, म्हणून बिल ओळीओळीने वाचावे. विक्रेता 'डीडीपी' म्हणत असेल तर ड्युटी त्याने भरायची, 'डीएपी' असेल तर आपण.

काही वस्तू पैसे भरूनही सुटत नाहीत. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून सर्वसामान्यांना बंद आहे, आणि बी-बियाणे व रोपे यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. बागकामाच्या हौसेने बियांची पाकिटे मागवणारे इथे हमखास अडकतात.

औषधांच्या बाबतीत हा विषय जिवाशी येतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे औषध अमेरिकेतून आणायचे होते आणि त्यावर सुमारे सहा कोटींचा कर लागत होता. पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले होते. केंद्राने तो कर माफ केला. एकेका घराने दारोदार विनंती करावी ही पद्धत बरी नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातल्या आजारांवरची, वैयक्तिक वापरासाठी आणलेली औषधे व विशेष आहार यांना मूळ सीमाशुल्कातून सूट मिळाली. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा समकक्ष अधिकाऱ्याचा दाखला लागतो. आजारी माणसाच्या घरच्यांनी औषध मागवण्याआधीच तो काढून ठेवावा.

आकारणी चुकीची वाटली तर ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते, आणि जास्त घेतलेल्या शुल्काचा परतावा एका वर्षाच्या आत मागता येतो. मात्र सीमाशुल्क खाते फोन करून कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 'तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले' असे सांगून धमकावणाऱ्यांनी अनेक ज्येष्ठांची आयुष्याची पुंजी लुटली आहे. असा फोन सरळ बंद करावा.

उलट दिशेचा अनुभव परदेशातल्या मराठी घरांना नुकताच आला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून संपणार होती. पैसे कोणी आणि कसे गोळा करायचे हे ठरलेले नसल्याने विमान कंपन्या टपाल नेईनात. भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. दोन दिवसांनी गणेश चतुर्थी होती. चकली, चिवडा, अनारसे डब्यात भरून मुलांकडे धाडणाऱ्या घरांची पंचाईत झाली. सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, तेव्हा नरक चतुर्दशी पाच दिवसांवर आली होती.