कोकणातील झऱ्यांचा समस्थानिक मागोवा

झऱ्याचे पाणी मूळचे कुठले, याचा शोध त्या पाण्यातील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून घेण्याची पद्धत. पाणी वरच्या सड्यावर (डोंगरावरच्या सपाट, खडकाळ पठारावर) पडलेल्या पावसाचे, घाटमाथ्यावर मुरलेले की खाडीतून आत आलेले, असे प्रश्न तिला विचारता येतात. हे अणू किरणोत्सारी नसतात, म्हणून त्यांना स्थिर समस्थानिके म्हणतात. माग काढण्यासाठी पाण्यात रंग किंवा मीठ सोडावे लागत नाही. खूण रेणूतच असते.

निसर्गात ऑक्सिजनच्या दर १,००० अणूंत सुमारे २ अणू ऑक्सिजन-१८ चे, म्हणजे जड ऑक्सिजनचे असतात. हायड्रोजनच्या १०,००० अणूंत जेमतेम दीड ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा. जड रेणूंची वाफ सावकाश होते आणि ढगातून ते आधी गळतात. त्यामुळे ढग किनाऱ्यापासून जसजसा आत व वर सरकतो, तसतसा त्याचा पाऊस हलका होत जातो. मोजमाप समुद्राच्या प्रमाणित पाण्याशी तुलना करून दर हजारी फरकात सांगतात; समुद्र शून्य धरला की पाऊस बहुधा उणे येतो. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवले की, जगभरच्या पावसाचे आकडे साधारण एकाच रेषेवर पडतात: ड्यूटेरियमचे मूल्य = ८ × ऑक्सिजन-१८ चे मूल्य + १०. उघड्यावर आटलेले पाणी या रेषेवरून घसरते. म्हणून तळ्यातून झिरपून आलेला झरा आणि थेट पावसावर जगणारा झरा वेगळे ओळखू येतात.

कोकणात सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तरी शिमगा उलटला की वाड्यांना पाण्याची चिंता लागते. कारण जमिनीतच आहे. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झपाट्याने उतरते, खालच्या चिकण मातीच्या किंवा घट्ट काळ्या कातळाच्या थराला अडते आणि सड्याच्या कडेला झरा होऊन फुटते. असा झरा नेमक्या कोणत्या सड्याचा, हे कळले तर चिरेखाण कुठे नको आणि चर कुठे खणावेत, हेही ठरवता येईल.

पण इथेच पद्धतीची मर्यादा आडवी येते. जगभरच्या मोजणीत दर १०० मीटर उंचीला ऑक्सिजन-१८ चे मूल्य सुमारे ०.२ ते ०.३ ने उतरते. म्हणजे ७०० मीटरवरच्या आंबोलीच्या पावसात आणि किनाऱ्याच्या पावसात दीड-दोनचा फरक दिसायला हवा. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर मात्र हा हिशेब गढूळ होतो. मुसळधार पावसाचे पाणी संततधारेमुळेच हलके होते आणि एका आठवड्याचा पाऊस दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय साधारण दीडशे मीटर उंचीच्या दोन शेजारच्या सड्यांमधला फरक यंत्राच्या अचूकतेच्या (सुमारे ०.१) इतका जवळ असतो की, तिथे प्रयोगशाळेपेक्षा सडा पायी फिरून उतार आणि थर पाहणे अधिक उपयोगी. पुस्तकातला उतार कोकणाला लावण्यापूर्वी निदान एक पूर्ण पावसाळा, वेगवेगळ्या उंचींवर, दरमहा पाणी साठवून मोजावे लागते.

उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या बाबतीत पद्धत अधिक ठामपणे बोलते. पालघर-ठाण्यातील अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीपासून रायगडातील उन्हेरे व सव, रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे अशी त्यांची माळ किनाऱ्याला समांतर आहे. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंश सेल्सियसच्या घरात जाते. वज्रेश्वरीच्या परिसरात हे पाणी मारल्या गेलेल्या राक्षसांचे रक्त मानतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीच्या पाण्याची समस्थानिके तपासली, तेव्हा ते पावसाचेच निघाले: खोल मुरलेले, तापून वर आलेले. फार तप्त खडकाशी दीर्घकाळ संपर्क आला तर पाणी खडकातला जड ऑक्सिजन घेते आणि आलेखात पावसाच्या त्या रेषेच्या उजवीकडे सरकते. तसे सरकणे तिथे आढळले नाही.

उन्हाळ्यांच्या खारटपणाचे कोडे याहून रंजक आहे. त्यांतल्या अनेकांच्या पाण्यात क्लोराइड (मिठाचा एक घटक) भरपूर असते, आणि समुद्र जवळ म्हणून दोष त्याच्यावर टाकणे सोपे. समजा, झऱ्यातील पावसाच्या पाण्याचे ऑक्सिजन-१८ मूल्य उणे २ आहे आणि त्यात ५ टक्के समुद्र मिसळला. नवे मूल्य उणे १.९ येईल, यंत्राला जेमतेम कळेल इतकाच फरक. समुद्राच्या लिटरमध्ये सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, त्यामुळे मिश्रणात ते लिटरला ९५० मिलिग्रॅम वाढेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे पाणी जिभेलाच मचूळ लागेल. थोडा समुद्र शोधायला समस्थानिके एकटी पुरत नाहीत. ती क्लोराइडच्या जोडीने वाचावी लागतात. उलट क्लोराइड काही हजारांवर गेले आणि समस्थानिके तरीही पावसाच्या जागीच राहिली, तर मीठ खडकातून किंवा जुन्या क्षारांतून आले असे समजायला हरकत नाही.

पाण्याचे वय मात्र या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी ट्रिटियमसारखे किरणोत्सारी समस्थानिक लागते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्याचा काळ, १२.३ वर्षे आहे.

नमुना घेण्याचे काम वरकरणी क्षुल्लक, पण बिघडते तिथेच. पन्नासेक मिलिलिटरची बाटली झऱ्याच्या तोंडाशीच, हवेचा बुडबुडा न ठेवता, काठोकाठ भरून घट्ट बूच लावावे. कुंडात साचलेले पाणी घेऊ नये; वरून वाफ जात असल्याने ते आधीच बदललेले असते. अर्धवट भरलेली बाटली एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिली, तर प्रयोगशाळा झऱ्याऐवजी त्या गाडीतल्या बाष्पीभवनाचा इतिहास सांगते.