उच्चैःश्रव्याची शेपटी नक्की कुठल्या रंगाची?

कद्रू आणि विनतेची पैज बहुतेकांना माहिती असते. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा हा घोडा दिसला, विनता म्हणाली पूर्ण पांढरा आहे, कद्रू म्हणाली शेपटी काळी आहे, आणि हरेल तिने दासी व्हायचं ठरलं. मग कद्रूने आपल्या नागपुत्रांना काळे केस होऊन शेपटीला चिकटायला सांगितलं आणि जे नाही म्हणाले त्यांना सर्पसत्रात जळून मरायचा शाप दिला. लहानपणी मला कद्रूचा भयंकर राग यायचा, अजूनही येतो, पण घोड्यांच्या रंगाबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की पांढऱ्या घोड्याची शेपटी काळी असू शकते, त्यासाठी नाग लागत नाहीत.

आपण वरातीत वगैरे जे पांढरे घोडे बघतो ते बहुतेक जन्मतः पांढरे नसतातच. शिंगरू काळं, तांबडं, तपकिरी कसलंही जन्मतं आणि मग काही वर्षांत पांढरं होत जातं. खात्री करायची असेल तर नाकपुडीजवळची कातडी बघा, काळी असते. असा घोडा पावसात भिजला की केस अंगाला चिकटतात आणि खालची काळी कातडी दिसून तो एकदम निळसर करडा वाटायला लागतो. (जन्मतः पांढरे घोडेही असतात, त्यांच्यात बहुतेकदा किट नावाच्या जीनमधला बदल असतो आणि कातडी गुलाबी. उच्चैःश्रवा समुद्रातून पांढराच निघाला, म्हणजे तो या गटातला म्हणायचा.)

आता हे पांढरं होणं कसं होतं ते बघू, मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. केसाला रंग देणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट, त्या केसाच्या मुळाशी बसून केस वाढताना त्यात रंग भरतात. केस झडून नवा आला की नव्या मेलॅनोसाइट लागतात, त्या तिथल्याच स्टेम सेलच्या (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या) साठ्यातून येतात. २००८ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांच्या टीमने दाखवलं की या घोड्यांत एसटीएक्स१७ नावाच्या जीनच्या आतला साधारण ४,६०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा जास्तीचा कॉपी झालेला असतो. हा तुकडा प्रोटीन बनवत नाही, तो स्विचसारखा आहे, आणि रंगपेशींचा मुख्य कंट्रोलर एमआयटीएफ त्यालाच येऊन चिकटतो. स्विच जास्त म्हणजे पेशींना वाढायचा हुकूम जास्त, त्यामुळे केसांच्या मुळातला साठा लवकर संपतो असा अंदाज आहे, आणि कातडीत मात्र रंगपेशी भरपूर राहतात. म्हणून केस पांढरे, कातडी काळी.

शेपटीचं काय? अंगावरचे केस वर्षातून दोनदा झडतात, शेपटीचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो, आणि बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यात भरलेला रंग नंतर जात नाही. त्यामुळे अंग पांढरं आणि शेपटी अजून काळी अशी अवस्था बऱ्याच घोड्यांत काही वर्षं दिसते. सगळ्यांत नाही, काहींची शेपटीच आधी पांढरी होते.

यावरून लगेच "पूर्वजांना जेनेटिक्स माहीत होतं" असले फॉरवर्ड नकोत प्लीज. घोडे नीट बघणारी माणसं तेव्हा होती एवढंच यातून म्हणता येतं आणि ते काही कमी नाही.

पांढरा घोडा शुभ म्हणून मागतात पण त्याची किंमत घोडाच मोजतो. तोच स्विच कातडीतल्या पेशींना वाढवत राहतो आणि पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांत ७० ते ८० टक्क्यांना मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरच्या, गाठी होतात. २०२४ च्या संशोधनात कळलं की या तुकड्याच्या एका रांगेत दोन कॉपी असल्या तर घोडा सावकाश पांढरा होतो, तीन असल्या तर झपाट्याने, आणि गाठींचा धोका तीनवाल्यांनाच दिसतो. तुमच्याकडे पांढरा घोडा असेल तर अधूनमधून त्याची शेपटी उचलून खाली बघत जा, या काळ्या गाठी बहुतेकदा तिथेच आधी येतात.