कार्बन डायऑक्साइड

कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळून झालेला, रंग-वास नसलेला, हवेच्या सुमारे दीडपट जड वायू. मराठीत यालाच कर्बवायू असेही म्हणतात. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो द्रवरूप होत नाही, उणे ७८.५ अंश सेल्सियसला थेट गोठतो आणि 'कोरडा बर्फ' तयार होतो.

आजच्या हवेच्या दहा लाख भागांत याचे जेमतेम ४२० हून थोडे अधिक भाग आहेत. एवढ्याशा वायूवर सगळी हिरवी सृष्टी जगते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पानाच्या खालच्या बाजूच्या बारीक रंध्रांतून तो आत शिरतो आणि उन्हाच्या बळावर पाण्याशी जोडला जाऊन त्याची साखर होते. मुळे पाणी आणि क्षार पुरवतात. घडातल्या साखरेचा कार्बन मात्र हवेतूनच आलेला असतो. शेतकऱ्याला विकत न घ्यावे लागणारे हे सर्वांत मोठे खत म्हणायला हवे.

वायनरीत यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी, ही साखर पुन्हा मोडते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर रसात २०० ग्रॅम साखर धरली, तर पन्नास लिटरांच्या आसपास वायू सुटतो. लाल वाइनच्या टाकीत हाच वायू साली वर उचलून धरतो. त्यांचा जाड थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो किंवा तळाचा रस पंपाने वर घेऊन भिजवावा लागतो. जड असल्याने वायू टाकीच्या तळाशी आणि तळघरात साचून राहतो. हवेत तो चार-पाच टक्के झाला की धाप लागते, डोके ठणकते. दहा टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत शुद्ध हरपते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत याच भीतीतून आली. कंदील विझला तर उतरू नये, हे खरेच. पण तो तेवत राहिला म्हणून आत धोका नाही असे समजू नये. ज्योत जळत असतानाही वायू माणसाला घातक ठरण्याइतका असू शकतो. आत पडलेल्याला काढायला मागोमाग उतरलेला माणूसही बळी पडतो, म्हणून आधी बाहेरून हवा सोडणे आणि उतरणाऱ्याला दोर बांधणे अत्यावश्यक आहे.

हा वायू सूर्याचा प्रकाश खाली येऊ देतो, पण जमिनीतून परतणारी उष्णता शोषतो. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी वायू वाढल्यास तापमान किती चढेल याचे गणित मांडले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दहा लाखांत सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा सुमारे ३१५ होते. वाइनच्या टाकीतून सुटणारा वायू गेल्याच हंगामात वेलीने हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे तो हिशेब वर्षभरात फिटतो. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी जळणाऱ्या कोळशाचे तसे नाही. भारतातला बहुतेक दगडी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांचा आहे. त्यातला १२ किलो कार्बन पूर्ण जळाला की ४४ किलो वायू हवेत जातो, आणि ही भर नव्याने पडलेली असते.

हा वायू दगडातही बांधला जातो. १७५० च्या दशकात जोसेफ ब्लॅक यांनी मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम कार्बोनेटची) पांढरी भुकटी तापवून तो सोडवला आणि त्याला 'बद्ध हवा' म्हटले. नाशिकचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल होते, पाषाणातले कॅल्शियम सोडवते आणि पुढे चुनखडीच्या रूपाने मागे ठेवते. हे काम लाखो वर्षांच्या गतीने चालते. बागेतली चिमूटभर माती बशीत घेऊन तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की चुरचुर आवाज होऊन फेस येतो. तो त्या चुनखडीतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. फेस जोरात आला, तर वेलीला लोह मिळण्यात अडचण येणार हे जाणते बागायतदार ओळखतात. अशा जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.