प्रेमकथेला अभ्यास लागत नाही, हा गैरसमज

‘प्रेमकादंबरी काय, घरबसल्या कल्पनेतून लिहिता येते,’ असं वर्षानुवर्षं बोललं जातं. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेचं काम पाहिलं की हे साफ खोटं ठरतं.

सुरुवात घरगुती होती, हे खरं. आजारी धाकट्या भावाला रमवायला रचलेली गोष्ट १९२१ मध्ये तिची पहिली कादंबरी म्हणून छापली गेली. पुढे मात्र तिने १८११ ते १८२० चा इंग्लंडमधला रीजन्सी काळ (आजारी राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो) अक्षरशः पिंजून काढला. घरात इतिहासाचे हजारावर संदर्भग्रंथ होते. वह्यांत टोप्या, रंग, दुकानं, भाव अशी वर्गवारी. अमुक वर्षी मेणबत्ती केवढ्याला मिळायची, हेसुद्धा टिपलेलं! लाडाने काय हाक मारत, कुणाला कसं संबोधत, याच्या वेगळ्या याद्या.

याच काळातल्या, नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईवरच्या तिच्या १९३७ च्या कादंबरीत ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या तोंडचा शब्दन् शब्द त्याने प्रत्यक्ष उच्चारलेला किंवा लिहिलेला आहे, असं ती सांगे. त्याची लेखनशैली नेमकी उतरावी म्हणून तिने त्याचं एक पत्रही विकत घेतलं होतं. एवढी मेहनत घेणाऱ्या बाईला ‘हलकंफुलकं लिहिणारी’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचंच वाटतं.