वॅट जास्त म्हणजे आवाज चांगला?

पहिली होम थिएटर सिस्टीम घेताना बहुतेक जण खोक्यावरचा वॅटचा आकडा आधी पाहतात. १००० वॅट म्हणजे ५०० वॅटच्या दुप्पट आवाज, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

पॉवर दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. हा फरक कानाला जाणवतो, पण थोडासाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर! एरवी घरात सिनेमा पाहताना स्पीकर सरासरी काही वॅटच वापरतात. जास्तीची ताकद स्फोटासारख्या क्षणिक धक्क्यांना लागते.

त्यात तो आकडा कसा मोजला, हेही पाहायला हवं. पीएमपीओ (क्षणभरासाठीची कमाल ताकद) या मापाला ठरलेलं प्रमाण नाही, त्यामुळे ते खुशाल विसरा. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद बघा, आणि तीही किती डिस्टॉर्शनला (आवाज किती बिघडतो त्या प्रमाणाला) मोजलीय ते वाचा. १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले वॅट फुगलेलेच असतात.

त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर तो किती मोठा आवाज देतो, ते तपासा. ८८ डेसिबलचा स्पीकर ८५ डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज निम्म्या पॉवरवर देतो. बजेट तुटपुंजं असेल तर माझं स्पष्ट मत: पाच किरकोळ स्पीकर घेण्यापेक्षा समोरचे दोन चांगले घ्या. संवाद स्वच्छ ऐकू येतील. सेंटर स्पीकर आणि सबवूफर (खर्जाचा आवाज देणारा स्पीकर) नंतर जोडता येतात, फक्त रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना पॉवर देणारं यंत्र, ५.१ चॅनलचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) निवडा.