सनरूफ, पॅनोरॅमिक की नुसती काच? गाडीच्या उघडणाऱ्या छताविषयी ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार.

सनरूफची दुरुस्ती, काच बदलणं आणि गळती शोधणं ही आमची रोजची कामं. ग्राहक फोनवर सांगतात, "सनरूफ बंद होत नाही" किंवा "सनरूफ गळतंय", आणि आम्हाला लगेच उलट विचारावं लागतं: काच टपाच्या आत शिरते की टपावरून मागे जाते? मागची काच हलते का? पडदा हाताने ओढायचा की बटणाने? सनरूफ या एकाच नावाने बऱ्याच वेगवेगळ्या रचना विकल्या जातात. त्यांची दुखणी वेगळी, देखभाल वेगळी आणि दुरुस्तीचा खर्चही वेगळा. गाडी घेण्याआधी हे कळलं तर उत्तमच, पण घेतलेली असली तरी जाणून घ्यायला उशीर झालेला नाही.

प्रकार ओळखायचा तर तीन गोष्टी बघा. काच उघडते का? उघडली की जाते कुठे? आणि कडेने आत आलेलं पावसाचं पाणी कुठून बाहेर पडतं? तिसरा प्रश्न शोरूममध्ये सहसा कोणी विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या गळतीच्या तक्रारींचं उत्तर मात्र तिथेच असतं.

मागून उचलली जाणारी काच

सगळ्यात साधा प्रकार. काचेची मागची कड थोडी वर उचलली जाते, बस. मूठ फिरवून किंवा कळ दाबून हाताने उघडायची, काहींत मोटर असते. काही गाड्यांत ही काच पूर्ण काढून डिकीत ठेवता येते. आतली कोंदट, गरम हवा बाहेर जायला एवढी फट पुरते. आकाश बघायची हौस मात्र यात भागत नाही. बिघडण्यासारखं यात फार थोडं असतं: बिजागरी, कळ आणि भोवतीचं रबर. रबर कडक झालं की बदलायचं.

टपाच्या आत सरकणारी काच

सनरूफ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच. बटण दाबलं की काच किंचित खाली बसते आणि मागे सरकत टपाचा पत्रा आणि आतलं अस्तर यांच्या मधल्या पोकळीत शिरते. उलट दाबलं तर मागची कड वर उचलली जाते. उघडल्यावर काच बाहेरून दिसत नाही, म्हणून गाडी देखणी दिसते आणि तोंडही पूर्ण मोकळं होतं.

याची किंमत डोक्यावरच्या जागेत मोजावी लागते. काच, रूळ आणि पन्हळ मावण्यासाठी अस्तर खाली घ्यावं लागतं. काही गाड्यांत हा फरक 2 ते 5 सेंटिमीटरचा असतो. उंच माणसाने अशी गाडी घेण्याआधी सीट आपल्या सोयीची लावून, पाठ टेकून बसून पाहावं. मागच्या सीटवरही बसावं. शोरूममधली सनरूफ नसलेली गाडी बघून अंदाज बांधू नये.

टपावरून मागे जाणारी काच

छोट्या गाड्यांत टपाला पुरेशी लांबी नसते, मग काच आत घालायची कुठे? अशा गाड्यांत काच आधी मागून उचलली जाते आणि मग टपाच्या वरूनच मागे सरकते. डोक्यावरची जागा वाचते. उघडलेली काच बाहेर वाऱ्यात असते, त्यामुळे वेगात आवाज जास्त येतो, आणि तोंड बहुधा अर्धंमुर्धंच उघडतं.

टपावर कॅरिअर किंवा सायकलची पट्टी लावणाऱ्यांनी इथे जपायला हवं. उचललेली काच आडव्या पट्टीला आपटू शकते. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत याची सूचना असते, ती वाचल्याशिवाय पट्टी बसवू नका.

पॅनोरॅमिक

पुढच्या सीटपासून मागच्या सीटच्या डोक्यापर्यंत पसरलेली काच. बहुतेक गाड्यांत तिचे दोन भाग असतात, पुढचा उघडतो आणि मागचा पक्का चिकटवलेला असतो. पुढचा भाग मागच्या काचेवरून सरकतो. गाडीत उजेड भरून राहतो, मागे बसलेल्या मुलांना बाहेरचं दिसतं, आणि गाडी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. हा आनंद खरा आहे, आम्हालाही तो आवडतो.

पण ज्या गाडीत दिवसातून चार तास बसायचं, तिच्यात उजेडासोबत ऊनही येतं. म्हणून पॅनोरॅमिक घेताना आमच्या मते काचेइतकंच लक्ष पडद्याकडे द्यायला हवं. काही गाड्यांत जाड, पूर्ण अपारदर्शक पडदा असतो, तर काहींत जाळीसारखा पातळ. भर दुपारी पातळ पडद्याखाली डोकं तापतं. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी न घेता ऊन असताना घ्या आणि पडदा बंद करून हाताचा तळवा वर धरून पाहा.

मोठी काच म्हणजे वजनही जास्त, आणि तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात. गाडीची रचना करताना कंपन्या याचा हिशेब धरतात, त्यामुळे रोजच्या वापरात काळजीचं कारण नाही. दुरुस्तीत मात्र फरक पडतो. रूळ लांब, केबल लांब, पडद्याला वेगळी मोटर, आणि एखाद्या कामासाठी सगळं अस्तर उतरवावं लागतं. लहान सनरूफपेक्षा पॅनोरॅमिकच्या कामाला वेळ आणि पैसा जास्त का लागतो, असं अनेकजण विचारतात. कारण हेच.

न उघडणारं काचेचं छत

हल्ली, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांत, पूर्ण टप काचेचा असतो पण उघडत काहीच नाही. टेस्ला मॉडेल थ्री हे त्याचं ओळखीचं उदाहरण. मोटर नाही, रूळ नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत, म्हणजे बिघडायलाही फारसं काही नाही. बॅटरी गाडीच्या तळाशी, पायांखाली असल्यामुळे बसायची जागा वर आलेली असते, आणि सरकत्या काचेची यंत्रणा गेल्याने डोक्याला तेवढी जागा मिळते. काही महाग गाड्यांत बटण दाबताच काच दुधाळ किंवा गडद होते. ज्यांना उजेड हवा आहे पण वारा नको, त्यांना आम्ही हाच प्रकार सुचवतो.

कापडी, काढता येणारी आणि पूर्ण उघडणारी छतं

ही छतं आमच्याकडे क्वचित येतात, म्हणून थोडक्यात. काचेच्या आधी कापड होतं. सिट्रोएन टू सीव्ही ही 1948 सालची गाडी आणि फियाटची 1957 सालची छोटी फाइव्ह हंड्रेड, दोन्हींचं कापडी छत मागे गुंडाळता येत असे. कापड हलकं असतं, पण ते उन्हाने विटतं आणि शिवणीतून झिरपतं.

टार्गा प्रकारात दोन सीटवरचा टपाचा तुकडा उचलून काढायचा. मागची काच आणि भक्कम आडवी कमान जागच्या जागी राहते. पोर्शने 1965 साली 911 टार्गा दाखवली, तेव्हापासून हे नाव रुळलं. टी टॉपमध्ये मधोमध एक पट्टी कायम राहते आणि दोन्ही बाजूंचे तुकडे वेगवेगळे निघतात, 1968 सालच्या शेवरले कॉर्व्हेटसारखे. पूर्ण छत मागे जातं ती कन्व्हर्टिबल, मग छत कापडी असो वा घडी होणाऱ्या पत्र्याचं. ही सगळी दुनिया सनरूफपेक्षा वेगळी आहे, आणि तिचे कारागीरही वेगळे असतात.

पाणी आत येतं, आणि ते यायचंच असतं

आता आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. उघडणाऱ्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्णपणे अडवतं असा समज आहे. तसं नसतं. रबर बहुतांश पाणी बाहेर ठेवतं, उरलेलं कडेने आत उतरतं आणि चौकटीतल्या पन्हळीत पडतं. कौलारू घराच्या पन्हळीसारखंच तिचं काम: पाणी थांबवायचं नाही, वाट करून द्यायची. पन्हळीच्या कोपऱ्यांत भोकं असतात, सहसा चार, आणि प्रत्येकाला एक बारीक नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली जातात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पाणी दाराच्या बिजागरीजवळ, चाकाच्या आसपास किंवा मागच्या बंपरमागे बाहेर पडतं.

गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर याच भोकांवर संकट. आम्ही चौकट उघडतो तेव्हा कोपऱ्यात पानांचा चुरा, परागकण आणि धूळ यांचा काळा, चिकट गाळ दिसतो. पेन्सिल जेमतेम शिरेल एवढं भोक त्याने बुजलेलं असतं. पन्हळ भरते, पाणी काठावरून आत उतरतं. मग अस्तरावर पिवळसर डाग येतो, आतल्या दिव्याजवळ थेंब लटकतो, किंवा पाणी खांबातून गुपचूप उतरून पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरतं. कार्पेटच्या खालचा फोम स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, वरून हात लावला तर कोरडं लागतं. आत काचांवर वारंवार धुकं साचत असेल, गाडीत कुबट वास येत असेल, तर मॅट उचला आणि कार्पेट मुठीने जोरात दाबून पाहा. अनेक गाड्यांत तारांचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या याच ठिकाणी, सीटखाली असतात. पुढे दाराचे लॉक, सीट किंवा दिवे विचित्र वागायला लागतात आणि खरं कारण टपात असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. काच उघडा, पुढच्या एका कोपऱ्यातल्या पन्हळीत छोट्या कपाने सावकाश थोडं पाणी सोडा आणि त्या बाजूला गाडीखाली बघा. काही क्षणांत धार लागायला हवी. मग दुसरा कोपरा. पाणी तुंबलं तर लगेच ओतणं थांबवा.

नळी मोकळी करायला तार घालू नका, ती नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेचा झोतही नको. नळी आतल्या आत जोडातून निसटते, मग पाणी थेट खांबात उतरतं, आणि दुरुस्ती साफसफाईपेक्षा कितीतरी मोठी होते. मऊ, लवचीक नायलॉनची दोरी हळूहळू सरकवावी. अडली तर जोर न लावता गाडी आमच्याकडे आणा.

सिलिकॉन लावून फट बुजवून टाका, असा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. बुजवलेली काच सरकवली की रबर फाटतं, आणि पाणी दुसरी वाट शोधतंच.

काळजी घ्यायची ती एवढीच

रबर ओल्या मऊ फडक्याने पुसा, कोरडं झाल्यावर रबरासाठीचं सिलिकॉन वंगण पातळ लावा. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलजन्य ग्रीस रबरावर नको, रबर फुगतं. रुळांतली जुनी, काळी झालेली ग्रीस पुसून नवी थोडीशी लावायची. भरपूर लावली तर तीच धूळ धरते आणि मग काच कुरकुरायला लागते. काच क्वचितच उघडत असाल तरी महिन्यातून एकदा पूर्ण उघडून बंद करा, म्हणजे रबर चिकटून बसत नाही.

पाऊस थांबल्या थांबल्या काच एकदम मागे सरकवू नका. आधी नुसती मागून उचला, वर साचलेलं पाणी निथळू द्या.

बॅटरी काढून परत जोडल्यावर काच एका दाबात बंद होईनाशी झाली, तर ती बिघडली असं समजू नका. मोटर आपली जागा विसरलेली असते. बटण दाबून धरून तिला पुन्हा शिकवावं लागतं, आणि त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे पुस्तिकेत दिलेली असते.

चालत्या गाडीत काच उघडल्यावर कानात धप-धप असा दाब जाणवतो, त्याचीही अनेकांना भीती वाटते. तोंडावरून जाणाऱ्या वाऱ्यामुळे आतली हवा लयीत हेलकावते, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर होतं तसंच. मागची एखादी खिडकी दोन बोटं खाली घेतली की आवाज थांबतो. पुढच्या कडेला उभी राहणारी जाळी याच कामासाठी असते, ती तुटली असेल तर बदलून घ्या.

काच कशी आहे तेही विचारा

टफन्ड काच फुटली की तिचे बारीक, बोथट तुकडे होतात आणि ते अंगावर पडतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. ती तडकली तरी जागेवर राहते, आवाज कमी आत येऊ देते आणि उन्हातले अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. मोठ्या छतासाठी आम्ही लॅमिनेटेडचीच बाजू घेऊ.

एक विनंती, कळकळीची

चालत्या गाडीच्या छतातून मुलांना उभं करू नका. मोठ्यांनीही राहू नका. उभ्या माणसाला सीटबेल्ट नसतो, आणि अचानक ब्रेक लागला तर चौकटीची कड थेट पोटात किंवा छातीत बसते. बंद होताना हात अडकला तर काच मागे फिरावी अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते, पण सगळ्या गाड्यांत नसते. लहान मुलांसोबत तिच्यावर विसंबणं योग्य नाही. किल्ली खिशात घेऊनच गाडीतून उतरा.

साध्या टपाच्या गाडीला बाहेरून सनरूफ बसवून देण्याचं काम आम्ही घेत नाही. टपाखाली आडव्या पट्ट्या असतात, गाडी उलटली तर त्याच भार पेलतात. कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असू शकतात. त्या जागी कापाकापी केल्यावर गाडी पूर्वीइतकी सुरक्षित आहे, असं आम्ही मनापासून सांगू शकणार नाही. सनरूफ हवंच असेल तर कारखान्यातून बसवून आलेली गाडी घ्या.

दुरुस्तीसाठी येताना

गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, आणि काच कुठे सरकते तेही. गळती असेल तर गाडी उतारावर कुठल्या बाजूला तोंड करून उभी असते ते आठवून ठेवा, पाणी कुठल्या कोपऱ्यात तुंबतं याचा माग त्यावरून लागतो. डाग पुसू नका, कार्पेट वाळवून आणू नका. काच अर्धवट उघडी अडकली असेल तर बटण पुन्हापुन्हा दाबू नका, केबलचे दात झिजतात. वरून प्लॅस्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद करा, गाडी सावकाश चालवा आणि निघण्याआधी एक फोन करा, म्हणजे आम्ही जागा मोकळी ठेवतो.